आतून दार

रविवारी सकाळी शिवकन्या आपल्या होऊ घातलेल्या स्वयंपाकघरात उभी राहिली, तर तिला डावीकडे धुरपदा काकूंचं स्वयंपाकघर दिसलं. त्याच्या पलीकडे कृष्णराजचं, त्याच्याही पलीकडे आण्णासाहेबांचं, आणि तिथल्या खिडकीच्या भोकातून कोणाची तरी म्हैस. उजवीकडे मान वळवली तर मल्लिनाथच्या घराचा पार शेवट. इमारत अजून नुसत्या विटांची होती, प्लास्टर व्हायचं होतं, तेव्हा चुकून थोडी भिंत बांधायची राहिली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण चुकून राहिलेली भिंत काही दाराच्या मापात आणि वर लिंटेल टाकून राहत नाही.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे काय आहे?"

रणधीरने नीट पाहिलं. "दार दिसतंय."

"ते मला बी दिसतंय. आपल्या चुलीपासून काकूंच्या चुलीपर्यंत दार कशापायी?"

रणधीर जिल्हा परिषदेत कारकून होता. उत्तर माहीत नसलं की चष्मा पुसायचा, ही तिथली सवय. तो चष्मा पुसू लागला.

शिवकन्येचं दुःख समजून घ्यायचं तर तिची भाड्याची जागा पाहायला हवी. धाराशिवात, बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या. त्यांतल्या पहिल्या खोलीतून घरमालकाचा जिना वर जायचा. म्हणजे मालक, मालकीण, त्यांचे जावई आणि गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या शेजारणी, सगळे हिच्या ताटापाशी 'बसा, बसा, जेवा' म्हणत चप्पल घालून पार व्हायचे. त्यात सासर ईट गावचं. ईटहून जिल्ह्याच्या गावी कोर्टात, दवाखान्यात, कचेरीत येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी रणधीरचं घर लागायचं. शिवकन्या चहाला नाही म्हणणारी नव्हती. पण दहावीतली आरोही अभ्यासाला मोरीत पाट टाकून बसायची, हे तिच्या जिवाला लागलं होतं. तिला देवाकडून एकच गोष्ट हवी होती: आतून कडी लागेल असं दार, आणि ती कधी काढायची हे ठरवायचा हक्क.

म्हणून 'शिवप्रिया रेसिडेन्सी' नुसतं चित्र होती, मागे डोंगर आणि पुढे कारंजं, तेव्हाच तिने बांगड्या मोडून दोनशे चार नंबरचा फ्लॅट धरला होता. डोंगर आणि कारंजं दोन्ही चित्रातच राहणार, हे तिला कळत होतं. तिचं लक्ष कडीकडे होतं. आणि रणधीरने काय करावं? ते चित्र भावकीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने.'

आशीर्वाद देऊन लोक गप्प बसले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पोरांच्या शाळेसाठी, नाहीतर म्हातारपणी दवाखाना जवळ म्हणून, प्रत्येकालाच धाराशिवात घर हवं होतं. फक्त ओळखीचं माणूस शेजारी नव्हतं. पुढच्या महिन्याभरात सबंध दुसरा मजला भावकीने धरला. रणधीरच्या एका बाजूला त्याची चुलती धुरपदाबाई, तिच्या पलीकडे दुसऱ्या चुलत्याची मुलं, कृष्णराज आणि त्याचे थोरले बंधू आण्णासाहेब. दुसऱ्या बाजूला लांबचा चुलतभाऊ मल्लिनाथ.

"आता तुला परकं वाटायचं न्हाय बग," धुरपदा काकूंनी फोनवर सांगितलं होतं. शिवकन्येने फोन ठेवला आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

सोमवारी तिने रणधीरला कामावर जाऊ दिलं नाही. दोघं बिल्डरच्या ऑफिसात गेली.

बिल्डर श्रीमंतराव. मूळचे वीटभट्टीवाले. घरं बांधायला लागले तरी हिशेब विटांतच करत. सोलापूरच्या एका प्रदर्शनात त्यांना कोणीतरी एक सॉफ्टवेअर गळ्यात मारलं होतं. कोणता फ्लॅट कोणाला विकला, कोणाचा हप्ता आला, कोणाला खिडकी मोठी हवी, कोणाला देवघर कुठल्या कोपऱ्यात, सगळं त्यात. ग्राहकाने मोबाइलवरून मागणी टाकायची, सिस्टीमने ती मंजुरीला लावायची आणि मंजूर झाली की मिस्त्रीच्या फोनवर नकाशा आपोआप जायचा. ते चालवायला ढोकीची दीपाली ठेवली होती. रोज एस.टी.ने येणारी, कामाची, आणि कोणी रागावलं की कानाच्या पाळ्या लाल होणारी मुलगी.

"वहिनी, दाराची मागणी तुमच्याकडूनच आलीय की," दीपाली स्क्रीनकडे बघत म्हणाली.

"आमच्याकडून?"

"हो. 'शेजारच्या घराला आतून दार ठेवणे.' रणधीर भाऊंच्या नंबरवरून."

शिवकन्येने नवऱ्याकडे पाहिलं. चष्मा पुन्हा खाली आला.

"ते आण्णांचं होतं," रणधीर हळूच म्हणाला. "आण्णा म्हणले, माझ्या आन् कृष्णराजच्या घरात मधी दार पाहिजे, तेवढं टाक त्या शिस्टीमवर. मी टाकलं."

इथे एक खुलासा केला पाहिजे. ईटच्या या भावकीत मोबाइल घरटी दोन-दोन होते. पण कुठल्याही अर्जावर नंबर लिहायची वेळ आली की तो रणधीरचा लिहायचा, अशी रीत पडून गेली होती. गॅस, पीकविमा, बँक, सगळीकडे रणधीर. नंबर दिला की खात्यातले पैसे जातात, असं आण्णासाहेबांनी कुठेतरी ऐकलं होतं. रणधीरचे गेले तर जावोत, तो नोकरदार आहे. त्याच रीतीने पाचही फ्लॅटांच्या बुकिंगवर त्याचाच नंबर पडला होता.

सिस्टीमला बिचारीला भावकी कुठली ठाऊक! एक नंबर म्हणजे एक माणूस, असं तिचं सरळ गणित. एका माणसाने एका मजल्यावर ओळीने पाच घरं घेतलीत, आणि तो आतून दार मागतोय. म्हणजे त्याला सगळ्या घरांतून फिरायचंय. तिने नुसतं काम केलं असं नाही, तर रणधीरला 'मानाचे ग्राहक' करून टाकलं होतं आणि दिवाळीला चांदीचं नाणं देण्याची शिफारसही केली होती.

"नाण्याचं नंतर बघू," श्रीमंतराव आतून घाईने म्हणाले. "दीपाली, ती मागणी रद्द कर. भिंती घाल म्हनावं."

दीपालीने मागणी रद्द केली. दोन दिवसांत मिस्त्री गुंडाप्पाने सगळी दारं चिणली. शिवकन्येने त्या रात्री पुरणपोळी केली. तिसऱ्या दिवशी आण्णासाहेब ईटहून बांधकाम बघायला आले आणि त्यांचंही दार चिणलेलं पाहून त्यांनी तिथूनच रणधीरला फोन लावला.

"रणधीर, तुला म्या एक काम सांगितलं हुतं. दोन भावांत भिंत घातली व्हय रं तू?"

आण्णासाहेबांचा आवाज असा की जिल्हा परिषदेच्या अख्ख्या खात्याने ते वाक्य ऐकलं. टेबलाखाली फोन धरून रणधीरने घाईघाईत पुन्हा दाराची मागणी टाकली. सिस्टीमने मानाच्या ग्राहकाचा शब्द खाली पडू दिला नाही. ओळीने सगळी दारं पुन्हा उघडली.

शिवकन्येने रद्द करायला लावली. आण्णांनी पुन्हा टाकायला लावली. गुंडाप्पा उमरग्याच्या पलीकडचा, कानडी मुलखातला, शांत स्वभावाचा गडी. पण भिंत घाल आणि भिंत फोड हे चौथ्यांदा आल्यावर तो थापी घेऊनच ऑफिसात शिरला.

"मालक, ह्ये रणधीर कोन हाय त्येला एकदा दाकवा मला. माणूस हाय का वारं?"

श्रीमंतराव फुटक्या विटांच्या ढिगाकडे बघत होते. आपल्याच भट्टीची वीट अशी मातीमोल झालेली त्यांना बघवत नव्हतं. "दीपाली," ते म्हणाले, "रविवारपर्यंत ह्याचा निकाल लाव, न्हायतर ती शिस्टीम आन् तू, दोघी ढोकीला."

दीपालीच्या पाळ्या लाल झाल्या. पण तिने डोकं चालवलं. प्रत्येकाचा नंबर वेगळा नोंदवायचा, प्रत्येकाने आपल्या फोनवर आलेला आकडा सांगायचा, मग ज्याची मागणी त्याच्याच घराला. आणि हो, शेजारपाजारच्या दाराला दोन्हीकडचा होकार लागेल. एकाने जरी नको म्हटलं तरी भिंत. असा नियम सिस्टीममध्ये होताच, फक्त एकाच माणसाचा स्वतःला होकार विचारायची तिला गरज पडली नव्हती. दीपालीने सगळ्यांना रविवारी ऑफिसात बोलावलं.

शिवकन्येला हे कळलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आठवडाभर ती भाकरी थापता थापता एकच वाक्य पाठ करत होती: 'आरोहीचं दहावीचं वर्ष आहे, तेव्हा आमच्याकडं दार नको.' साधं, नम्र, कोणाला न दुखवणारं. आरशासमोरही तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

रविवारी भावकी जीप करून आली. ऑफिसात खुर्च्या कमी पडल्या, म्हणून सिमेंटच्या गोण्यांवर सतरंजी टाकली. चहा आला. प्रत्येकाने कनवटीतून, खिशातून आपापला फोन बाहेर काढला आणि दुसऱ्याला दिसणार नाही असा धरून नंबर सांगितला. इथवर सगळं झकास झालं. मग दीपालीने पहिला प्रश्न मोठ्याने वाचला.

"फ्लॅट दोनशे एक, आण्णासाहेब. शेजारच्या घराला आतून दार पाहिजे का? हो का नाही?"

ती ढोकीची, तिलाही भावकी होती. तरी हा प्रश्न सगळ्यांना एकत्र बसवून विचारायचा नसतो, हे त्या घाईत तिच्या लक्षात आलं नाही.

आण्णासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "हे काय इचारनं झालं? आमची हीर एक, बांध एक, रगत एक. आन् भिंत घालायची? व्हय म्हनून लिव्ह."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आता पुढच्याला काय बोलता येणार होतं?

"दोनशे दोन, कृष्णराज."

"आण्णा म्हनत्यात त्येच. व्हय," कृष्णराज कपातल्या चहाला म्हणाला.

"दोनशे तीन, धुरपदाबाई."

काकूंनी पदर सारखा केला. "म्या काय सांगू बाई? माणसाला माणूस लागतंय. व्हय."

"दोनशे चार."

रणधीर छताकडे बघू लागला, जणू गळती शोधतोय. घर शिवकन्येच्या नावावर होतं, तेव्हा उत्तर तिलाच द्यायचं होतं. डोक्यावर पदर, समोर थोरले दीर, बाजूला चुलत सासू, आणि सगळे तिच्याकडे बघताहेत. तिने तोंड उघडलं. आरोहीची दहावी जिभेच्या टोकापर्यंत आली, तिथे काकूंच्या चेहऱ्याकडे नजर गेली आणि दहावी मागे फिरली.

"काकू म्हणतात तसंच," ती म्हणाली. "व्हय."

"लई गुणाची पोर," आण्णासाहेब म्हणाले. मल्लिनाथनेही मग 'समद्यांचं व्हय तर माझं काय वेगळं' म्हणून टाकलं आणि सभा संपली.

घरी आल्यावर शिवकन्या पहिल्याच खोलीत भाजी निवडायला बसली. घरमालकाचे जावई 'बसा, बसा' म्हणत तिच्या अंगावरून जिना चढून गेले. तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आरोहीने विचारलं, काय झालं. तर म्हणाली कांदा. कांदा त्या दिवशी घरात नव्हता.

इकडे सोमवारी दीपाली ऑफिस उघडते न उघडते तोच धुरपदा काकू दारात हजर. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. ईटहून पहिल्या एस.टी.ने आलेल्या.

"डोळं दाकवायला आले हुते," त्या म्हणाल्या. मग मागे कोणी नाही असं पाहून खुर्ची पुढे ओढली. "पोरी, माझं त्ये व्हय खोड. दोन्हीकडची भिंत घाल. जाड घाल."

"काकू, काल तर तुम्ही..."

"काल तोंडावर काय म्हनू? म्या जल्मभर चौदा मानसांच्या भाकरी थापल्या गं. कदी एकटी बसून चा पिले न्हाय. रणधीरची बायकू देवमानूस हाय, पर लई काळजी करती. जेवलात का, गोळी घेतली का, झोप लागली का. तिला दार दिलं तर मला मरायला बी सवड मिळायची न्हाय. पर तिला ह्ये सांगू नगंस. मन मोडंल तिचं."

त्या डोळे न दाखवताच परतीच्या गाडीला गेल्या. दुपारी आण्णासाहेबांचा फोन आला. या माणसाला हळू बोलता येतं, हे दीपालीला पहिल्यांदाच कळलं.

"कृष्णराजची पोरं लई दांडगी हायत," ते म्हणाले. "म्या दार मागितलं त्ये रीत म्हनून. न्हाय मागितलं असतं तर त्याला वाटलं असतं, आण्णा बदलला. तू आपलं शिस्टीमनं न्हाय म्हटलं असं कर."

तासाभराने कृष्णराज. "ताई, आण्णा पहाटं उटून मोबाइलवर भजन लावत्यात आन् संगं म्हनत्यात बी. त्यास्नी कळू न देता भिंत व्हईल का?" मल्लिनाथने फोनही केला नाही. एक निरोप आला, 'दार नको, भिंत पाहिजे,' आणि मागोमाग हात जोडलेलं चित्र.

संध्याकाळी, ऑफिस बंद होता होता, शिवकन्या आली. तिने पदर कमरेला खोचलेला होता आणि पाठ केलेलं वाक्य या खेपेला दारातूनच सुरू केलं.

"दीपाली, आरोहीचं दहावीचं वर्ष आहे, तेव्हा आमच्याकडं..."

"वहिनी, बसा आधी. तुमचं काम झालंय."

"म्हणजे?"

"तुमच्या दोन्ही बाजूंना भिंत येणार. शेजारच्यांनी नको म्हटलंय." काकूंची ताकीद आठवून दीपालीने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

शिवकन्या खाली बसली. तिला हवं ते मिळालं होतं, न मागता, न भांडता. तिने आनंद व्हायची थोडी वाट पाहिली. तो आला नाही.

"काकूंनी?" ती म्हणाली. "काकूंनी नको म्हटलं? मला?"

"तुम्हाला नव्हे हो, दाराला."

"दाराच्या अलीकडं कोण राहतं मग? मीच ना! गेल्या सालात डोळ्याच्या ऑपरेशनला पंधरा दिवस माझ्याकडं होत्या. एक दिवस शिळं वाढलं नाही मी त्यांना. आणि त्या मल्लिनाथ भावजींचं मी काय घोडं मारलंय?" स्वतः काय सांगायला आलो होतो, हे ती साफ विसरली होती.

दीपालीने तिला पाणी दिलं, मग काकूंनी आणलेल्या शेंगा पुढे केल्या. शिवकन्या रागाने शेंगा फोडू लागली. ढीगभर टरफलं झाल्यावर जरा शांत झाली.

"बरं मग," दीपाली म्हणाली, "तुमचंही नाही टाकून देते. म्हणजे सगळ्यांचं सारखं होईल."

शिवकन्येचा हात थांबला. "सगळ्यांचं?"

"हो. आता व्हय म्हणणारं तुमचं एकटंच घर उरलंय."

"आणि माझं व्हय तसंच ठेवलं तर? दार होईल का?"

"कसं होईल? दोन्हीकडचा होकार लागतो."

ऑफिसात पंखा कुरकुरत होता. शिवकन्येने दोन शेंगा आणखी फोडल्या, दाणे सावकाश खाल्ले, पदर कमरेतून काढला आणि डोक्यावरून नीट घेतला.

"राहू दे मग तसंच," ती म्हणाली. "शब्द दिलाय मी चारचौघांत."

भिंतींचं काम शनिवारी काढलं. भावकीतला प्रत्येक जण त्या दिवशी काहीतरी निमित्ताने धाराशिवात होता आणि प्रत्येक जण दुसऱ्याला बघून चकित झाला. काही वेळ कोणी कोणाकडे बघेना. त्यात श्रीमंतराव आले. त्यांना विटा वाया गेल्याचा राग होता आणि कुठे काय बोलू नये याचं शिक्षण भट्टीवर मिळत नाही.

"घाल रं गुंडाप्पा भिंती!" ते जिन्यातूनच ओरडले. "समद्यांनी मागनं येऊन न्हाय म्हटलंय. एकट्या रणधीरच्या घरातनं व्हय आलंय, त्येंचं काय चालनार!"

आण्णासाहेबांना एकदम खोकला आला. कृष्णराज बुटाची लेस बांधू लागला, पायात चप्पल असूनही. मल्लिनाथ खिडकीतून म्हैस बघू लागला. धुरपदा काकू मात्र हळूहळू चालत शिवकन्येपाशी आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"पोरी," त्या म्हणाल्या, "आमी समदे हलक्या मनाचे निगालो. तुझं एकटीचं मन मोठं."

"असू द्या काकू," शिवकन्या खाली मान घालून म्हणाली. "मी तर व्हयच म्हटलं होतं."

आण्णासाहेबांनी मान फिरवली आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. रणधीर बायकोकडे असा बघत राहिला की तेवढं नीट त्याने लग्नातही, मुंडावळ्यांमुळे, पाहिलं नसेल. काकू डोळे टिपत पलीकडे आपल्या घरात गेल्या आणि मध्ये विटांचा थर चढू लागला.

शिवकन्या गुंडाप्पाच्या अगदी जवळ सरकली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "पार वरपर्यंत न्या. आणि मधी कुठं फट ठेवू नका."